पंख आधी, यंत्र नंतर

पावसाळा सरला, की पुणे जिल्ह्यातील कामशेतच्या परिसरात टेकड्यांच्या उतारांवर रंगीबेरंगी कापडी पंख पसरलेले दिसू लागतात. हे पॅराग्लायडर. उडणारा माणूस कापडाच्या प्रत्येक कप्प्यावरून नजर फिरवतो, दोऱ्यांचा गुंता सोडवतो, मांड्यांचे आणि छातीचे पट्टे ओढून पाहतो, वाऱ्याची दिशा न्याहाळतो आणि मगच उतारावरून धावू लागतो. याच पंखाला पाठीवर बांधलेल्या लहान इंजिनाची आणि त्यावर फिरणाऱ्या पंख्याची जोड दिली, की त्याला पॅरामोटर म्हणतात. मग टेकडीचीही गरज उरत नाही. सपाट मैदानावरूनही आकाशात जाता येते. परंतु पॅरामोटर शिकणाऱ्याच्या पाठीवर पहिल्याच दिवशी इंजिन चढवले जात नाही. आधी त्याला जमिनीवर उभे राहून नुसता पंख सांभाळायला शिकावे लागते. इंजिन माणसाला पुढे ढकलते, पण उचलून धरतो तो पंख. आणि इंजिन मध्येच बंद पडले तर सुखरूप खाली आणतो तोही पंखच.

आज साधी वाटणारी ही समजूत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुळीच साधी नव्हती. आकाश जिंकायचे तर आधी बलाढ्य यंत्र हवे, असे मानण्याचा तो काळ होता. त्या काळात एका जर्मन अभियंत्याने उलटी वाट धरली. आधी पंख समजून घ्यायचा, त्याच्यासह वाऱ्यात उभे राहायचे, मग थोडे घसरायचे, मग अधिक उंचावरून उतरायचे आणि हे सारे अंगवळणी पडल्यावरच यंत्राचा विचार करायचा, असा त्याचा क्रम होता. या अभियंत्याचे नाव ओटो लिलिएंथाल.

ओटोचा जन्म २३ मे १८४८ रोजी प्रशियाच्या पोमेरानिया प्रांतातील आंक्लाम या गावी झाला. वडील कापडाचे व्यापारी होते. आईला संगीताची उत्तम जाण होती. या दांपत्याला आठ अपत्ये झाली, पण त्यांतील पाच बालपणीच दगावली. उरली ती तिघे : ओटो, त्याच्याहून दीड वर्षाने लहान असलेला गुस्ताव आणि बहीण मारी. वडिलांचा व्यापार नीट चालला नाही. कुटुंबासह अमेरिकेला जाऊन नव्याने सुरुवात करावी, असे त्यांच्या मनात होते. परंतु १८६१ साली त्यांचे निधन झाले आणि तो बेत तिथेच राहिला. तीन मुलांना वाढवण्याचा आणि शिकवण्याचा भार एकट्या आईवर पडला.

आंक्लामच्या भोवती नदीकाठची ओली कुरणे होती आणि त्या कुरणांत उन्हाळ्यात पांढरे करकोचे उतरत. करकोच्याची ही जात महाराष्ट्रातील पाणथळ जागांवरही हिवाळ्यात पाहुणी म्हणून येते. लांब लाल पायांचा हा जड पक्षी जमिनीवरून उठताना काही पावले धावतो, पण एकदा वर गेला की पंख न हलवता तासन् तास घिरट्या घालतो. दोघे भाऊ कुरणात पडून हा खेळ पाहत. या पक्ष्याला न थकता वर कोण ठेवते, हा प्रश्न ओटोच्या मनात तेव्हा जो शिरला, तो शेवटपर्यंत निघाला नाही. करकोचे नेहमी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उडी घेतात, हेही भावांच्या ध्यानात आले होते.

ओटो चौदा वर्षांचा असताना दोघांनी बीच झाडाच्या पातळ फळ्यांचे पंख तयार केले, ते हातांना बांधले आणि गावाबाहेरच्या उंचवट्यावरून धावत खाली उड्या मारल्या. हे प्रयोग त्यांनी रात्रीच्या वेळी केले. कारण दिवसा शाळेतील मुलांनी पाहिले असते तर हसून हसून बेजार केले असते. पंखांनी त्यांना तसूभरही उचलले नाही. फळ्या बाजूला ठेवल्या गेल्या, पण प्रश्न तसाच राहिला.

पुढे ओटो पॉट्सडॅम येथील तंत्रशाळेत शिकला. बर्लिनमधील एका यंत्रकारखान्यात त्याने हातात हातोडा आणि कानस घेऊन उमेदवारी केली आणि १८६७ साली बर्लिनच्या तंत्रविद्यालयात प्रवेश मिळवला. दिवस हलाखीचे होते. त्या दिवसांतही दोघा भावांनी पायांच्या जोरावर पंख फडफडवणारे एक साधन बांधले. ते दोरीने टांगून, दुसऱ्या टोकाला वजन अडकवून त्यांनी प्रयोग केले. माणसासह साधनाचे जेवढे वजन होते, त्याचे निम्मे पंखांच्या फडफडीने उचलले जाई. उरलेले निम्मे दोरीला पेलावे लागे. माणसाच्या स्नायूंत स्वतःला उचलण्याइतके बळ नाही, हा धडा त्यातून मिळाला. हा धडा नकाराचा असला तरी मोलाचा होता.

१८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. ओटोने सैन्यात सेवा केली आणि युद्ध संपल्यावर तो परतला, तो पुन्हा त्याच प्रश्नाकडे. आता मात्र त्याने उडण्याचा हट्ट काही काळ बाजूला ठेवला आणि मोजण्याचे काम हाती घेतले. एका उभ्या खांबाभोवती फिरणाऱ्या आडव्या दांड्याच्या टोकांना निरनिराळ्या आकारांचे पृष्ठभाग लावायचे, वजनाच्या साहाय्याने दांडा फिरवायचा आणि हवा त्या पृष्ठभागाला किती उचलते व किती अडवते, ते नोंदवायचे, अशी ही पद्धत होती. सपाट फळीपेक्षा पक्ष्याच्या पंखासारखा किंचित कमानदार पृष्ठभाग कितीतरी अधिक उचल देतो, हे त्यातून आकड्यांनिशी दिसून आले. पक्षी पाहणाऱ्या पुष्कळांना जे वाटत होते, ते लिलिएंथाल यांनी मोजून दाखवले.

पोटापाण्याचा व्यवसायही त्यांना पाहावा लागत होता. १८७८ साली त्यांचा आग्नेस फिशर यांच्याशी विवाह झाला. पुढे त्यांना चार मुले झाली. लिलिएंथाल यांनी नागमोडी नळ्यांचा एक वाफेचा बाष्पक शोधून काढला. त्या काळी बाष्पक फुटून कामगार दगावत असत. या नव्या बाष्पकात एका वेळी थोडेच पाणी असल्यामुळे स्फोटाचा धोका पुष्कळच कमी झाला आणि लहान कारखानदारांना तो परवडू लागला. या शोधाच्या बळावर त्यांनी १८८३ साली बर्लिनमध्ये स्वतःचा यंत्रकारखाना काढला. पंखांच्या प्रयोगांना लागणारा पैसा पुढे याच कारखान्यातून आला आणि ते पंख बांधणारे कुशल हातही इथेच मिळाले.

मोजमापांनंतर सुमारे पंधरा वर्षांनी, १८८९ साली, लिलिएंथाल यांनी आपले निष्कर्ष पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. पक्ष्यांचे उड्डाण हाच मानवी उड्डाणाचा पाया आहे, असे प्रतिपादन करणारे हे पुस्तक त्यांनी पदरमोड करून छापले. त्यात मोजमापांचे तक्ते होते, आलेख होते आणि करकोच्यांची बारीक निरीक्षणे होती. त्यांनी आपल्या बागेत करकोच्याची पिल्ले वाढवली होती. ती पिल्ले उडायला कशी शिकतात, हे त्यांनी रोज पाहिले होते. आधी वाऱ्यात पंख पसरून उभे राहणे, मग जागच्या जागी उड्या, मग लांब उड्या आणि शेवटी उड्डाण, असा पिल्लांचा क्रम असे. पुस्तकाच्या फार थोड्या प्रती खपल्या. लेखक मात्र चाळिशी ओलांडल्यावर त्या पिल्लांच्या शाळेत दाखल झाला.

त्याच सुमारास इतर देशांत काय चालले होते, हे पाहिले म्हणजे या निर्णयाचे वेगळेपण कळते. फ्रान्समध्ये क्लेमाँ आदेर यांनी १८९० साली वाफेच्या इंजिनाचे यंत्र जमिनीपासून जेमतेम उचलले, पण त्याला हवेत सांभाळता आले नाही. इंग्लंडमध्ये हायरम मॅक्सिम यांनी साडेतीन टनांहून अधिक वजनाचे वाफेवर चालणारे प्रचंड यंत्र बांधले. १८९४ साली ते रुळांवरून धावताना उचलले गेले आणि मोडून पडले. या यंत्रांत बळ होते. परंतु त्या बळाला हवेत कसे हाताळायचे, हे ते बांधणाऱ्यांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. पोहणे न शिकता मोठी नाव घेऊन समुद्रात शिरावे, तसा हा प्रकार होता. लिलिएंथाल यांनी उथळ पाण्यापासून सुरुवात केली.

प्रारंभी ते पंख धरून नुसते वाऱ्यात उभे राहिले. वारा पंखाला कुठे ढकलतो, कुठे उचलतो, हे त्यांनी अंगाने जाणून घेतले. १८९१ साली त्यांनी घरच्या बागेत उडीसाठी एक फळी उभारली. आरंभी तिची उंची मीटरभर होती. सराव वाढला तशी ती वाढवत नेली. पंख घेऊन त्या फळीवरून उडी मारायची आणि काही मीटर पुढे हिरवळीवर उतरायचे, हाच त्यांचा रोजचा अभ्यास असे. मग ते पॉट्सडॅमजवळच्या डेरविट्झ गावाच्या टेकाडावर गेले आणि तिथे सुमारे २५ मीटर अंतर हवेतून घसरत जाऊ लागले. दोन वर्षांत रिनो येथील टेकड्यांवरून हे अंतर २५० मीटरांपर्यंत पोहोचले. एकेक पायरी पक्की झाल्याशिवाय त्यांनी पुढची पायरी चढली नाही.

त्यांचे ग्लायडर दिसायला वटवाघळाच्या पंखांसारखे होते. विलो झाडाच्या लवचीक काठ्या आणि बांबू यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले दाट विणीचे सुती कापड आणि सांगाड्याला वरून व खालून आवळून धरणाऱ्या तारा, एवढीच त्याची सामग्री होती. त्यांच्या सर्वांत यशस्वी ग्लायडरचे वजन सुमारे २० किलोग्रॅम होते आणि पंखांचे क्षेत्रफळ सुमारे १३ चौरस मीटर. छत्रीच्या काड्यांप्रमाणे बरगड्या मिटता येत. त्यामुळे ग्लायडर घडी करून नेता येई आणि टेकडीवर पोहोचल्यावर पुन्हा उभारता येई. प्रत्येक उभारणीत बरगड्या आपल्या जागी बसल्या आहेत का, दोन्ही बाजूंचा ताण सारखा आहे का आणि कापडाची कमान बिघडलेली नाही ना, हे पाहावेच लागे. एका बाजूची तार सैल राहिली तर तो पंख कमी उचल देणार आणि ग्लायडर त्या बाजूला कलणार. आज पॅराग्लायडरच्या दोऱ्यांची लांबी तपासणारा माणूस नेमके हेच पाहत असतो.

ग्लायडरच्या मधोमध माणसाला उभे राहण्यासाठी मोकळी जागा होती. कोपरापासूनचे हात सांगाड्यावरील गादीदार आधारांत घालायचे, मुठींनी दांडी पकडायची, वाऱ्याकडे तोंड करून उतारावरून धावत सुटायचे आणि पंखांनी भार उचलला की पाय मोकळे लोंबकळू द्यायचे. हवेत गेल्यावर तोल सांभाळण्याचे साधन एकच, ते म्हणजे स्वतःचे शरीर. उजवा पंख वर उचलला गेला तर पाय उजवीकडे झोकायचे. नाक वर गेले तर शरीर पुढे न्यायचे. उतरताना क्षणभर शरीर मागे घेऊन पंखाचे नाक उंच करायचे, म्हणजे वेग मरतो आणि पाय अलगद जमिनीला लागतात. करकोचाही उतरताना असेच करतो. ऐकायला हे सोपे वाटते, परंतु वारा विचार करायला उसंत देत नाही. पायांनी स्वतःहून योग्य ती हालचाल करावी, इतका सराव असावा लागतो. पाच वर्षांत लिलिएंथाल यांनी दोन हजारांहून अधिक उड्डाणे केली. पण ती सर्व एकत्र केली तरी हवेत काढलेला वेळ काही तासांचाच भरतो. शिकायला मिळणारा क्षण इतका अल्प होता.

टेकडीवरून उडताना एक अडचण येई. वारा दिशा बदलतो. टेकडीचा उतार बदलत नाही. यावर उपाय म्हणून त्यांनी १८९४ साली बर्लिनजवळच्या लिख्टरफेल्डे येथे स्वखर्चाने एक टेकडीच उभारून घेतली. वीटभट्टीच्या खाणीतून निघालेल्या मातीची ही टेकडी १५ मीटर उंच आणि शंकूच्या आकाराची होती. त्यामुळे वारा कोणत्याही दिशेने आला तरी त्याच्यासमोर तोंड करून धावता येई. ग्लायडर ऊनपावसात पडून राहू नयेत म्हणून टेकडीच्या माथ्यावर ते ठेवण्यासाठी जागाही केलेली होती. रविवारी तिथे बर्लिनकरांची गर्दी लोटू लागली. छायाचित्रकारांनी त्यांना हवेत असतानाच टिपले आणि ती छायाचित्रे जगभरच्या नियतकालिकांतून झळकली. माणूस पंखांवर तरंगतो आहे, ही गोष्ट तोवर चित्रांत आणि कथांत होती. आता तिचा पुरावा लोकांच्या हाती आला.

हे यश अपघातांवाचून मिळाले नव्हते. १८९४ साली एका उड्डाणात ग्लायडरचे नाक एकाएकी वर गेले आणि मग ते जमिनीच्या रोखाने कोसळले. ग्लायडरच्या पुढच्या बाजूला विलोच्या काठीची एक कमान बसवलेली होती. आदळण्याचा सारा जोर त्या कमानीने सोसला. तिच्या ठिकऱ्या उडाल्या आणि लिलिएंथाल किरकोळ दुखापतींवर वाचले. अपघात व्हायच्या आधीच अपघाताचा विचार करून ठेवला, तर माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा टेकडी चढू शकतो, हे त्या साध्या कमानीने दाखवून दिले. आज उडणाऱ्याच्या डोक्यावरचे शिरस्त्राण आणि बसण्याच्या झोळीत घडी करून ठेवलेली राखीव हवाई छत्री ही त्याच विचाराची पुढची रूपे आहेत.

लिलिएंथाल यांनी आपली विद्या लपवून ठेवली नाही. त्यांनी एका ग्लायडरचे पेटंट घेतले, त्याच्या प्रती कारखान्यात तयार केल्या आणि त्या विकल्याही. विमानविद्येच्या इतिहासात ठरावीक नमुन्याबरहुकूम एकामागून एक तयार झालेले ते पहिले उड्डाणसाधन मानले जाते. रशियाचे विख्यात शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की हे त्याच्या ग्राहकांपैकी एक होते. नियतकालिकांतील लेखांतून ते नवशिक्यांना पुन्हा पुन्हा बजावत, की आरंभ कमी उंचीवरून, मऊ जमिनीवर आणि मंद वाऱ्यात करावा, उंचीची घाई करू नये. स्कॉटलंडमधून आलेल्या पर्सी पिल्चर या तरुण अभियंत्याला त्यांनी स्वतःच्या टेकडीवर उडू दिले.

कारखान्यातही ते वेगळे मालक होते. १८९० पासून त्यांनी नफ्याचा चौथा हिस्सा कामगारांना देण्यास सुरुवात केली; त्या काळात हे सहजासहजी आढळणारे नव्हते. गरिबांना अल्प दरात नाटके पाहता यावीत म्हणून त्यांनी बर्लिनच्या एका नाट्यगृहाला हातभार लावला, स्वतः एक नाटक लिहिले आणि रंगमंचावर भूमिकाही केल्या. उड्डाणविद्येकडून त्यांची मोठी अपेक्षा होती. माणूस मुक्तपणे उडू लागला की देशादेशांमधल्या सीमांना अर्थ उरणार नाही, भाषा आणि माणसे जवळ येतील आणि युद्धे अशक्य होतील, असे त्यांना वाटे. विसाव्या शतकाने ही आशा खोटी ठरवली. परंतु ज्याने पंख बांधले, त्याने ते शस्त्र म्हणून बांधले नव्हते, एवढे मात्र खरे.

घसरत उतरणे हे आपले अंतिम ध्येय आहे, असे लिलिएंथाल यांनी कधीच मानले नाही. यंत्राच्या बळावर दूरवर उडावे, हे त्यांच्याही मनात होते. १८९३ साली त्यांनी कार्बनिक आम्लवायूच्या दाबावर चालणारी सुमारे दोन अश्वशक्तीची मोटर तयार करवून घेतली. पंखांची टोके पक्ष्याच्या पिसांसारखी वरखाली करावीत, असे तिचे काम होते. पुढे दुसरे, मोठे यंत्रही बांधायला घेतले. मात्र नव्या यंत्रावर त्यांनी आधी मोटर न चालवताच घसरून पाहिले. वाढलेल्या वजनासह पंख कसे वागतात, ते आधी कळायला हवे होते. मोटरीने मनासारखे काम दिले नाही आणि तिच्या बळावर उडण्याचा दिवस उजाडलाच नाही. पंखे फिरवून पुढे जाण्याऐवजी पंख फडफडवण्याचा मार्ग त्यांनी निवडला, ही त्यांची एक चूकच होती. पक्ष्यांनी त्यांना पुष्कळ शिकवले, पण या एका बाबतीत चकवलेही.

९ ऑगस्ट १८९६ हा रविवार होता. लिलिएंथाल आपले यंत्रकामगार पाउल बाइलिश यांना बरोबर घेऊन श्टोल्न गावाजवळच्या गोलेनबर्ग या टेकडीवर गेले. हवा उबदार होती आणि ऊन पडले होते. त्या दिवशीचे पहिले उड्डाण उत्तम झाले. नंतरच्या एका उड्डाणात मात्र उन्हाने तापलेल्या जमिनीवरून उठलेला वाऱ्याचा झोत ग्लायडरला लागला. पंखांचे नाक वर उचलले गेले, वेग संपला आणि ग्लायडर क्षणभर हवेत थांबल्यासारखे झाले. त्यांनी पाय पुढे झोकून नाक खाली आणण्याचा आटोकाट प्रयत्न केला. पण सुमारे १५ मीटर उंचीवरून ग्लायडर कोसळले आणि त्यांच्या मानेचा कणा मोडला. दुसऱ्या दिवशी, १० ऑगस्ट रोजी, बर्लिनमधील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ४८ वर्षांचे होते. मागे आग्नेस आणि चार मुले राहिली.

हा अपघात हलगर्जीपणाचा नव्हता. पद्धतीच्या मर्यादेचा होता. पंखावर हवा वाहत असेल तोवरच पंख उचल देतो. नाक फार वर गेले की हवेचा प्रवाह पंखाच्या पाठीवरून सुटतो आणि उचल एकाएकी नाहीशी होते. अशा वेळी नाक ताबडतोब खाली आणून वेग परत मिळवावा लागतो. लिलिएंथाल यांचे हात आणि छाती सांगाड्यात अडकलेले असत; हलवता येई तो केवळ कमरेखालचा भाग. मोठ्या झोतापुढे एवढी हालचाल अपुरी पडली. शेपूट किंवा पंखाचे टोक हवे तसे वळवून ग्लायडरला आवरण्याची सोय हवी होती. अशी सोय करण्याच्या दिशेने त्यांचे प्रयोग सुरूही झाले होते, पण ते पुरे होण्याआधीच काळाने त्यांना गाठले.

तीन वर्षांनी त्यांच्या शिष्याचाही असाच अंत झाला. पर्सी पिल्चर यांनी इंजिन लावलेले उड्डाणयंत्र बांधले होते आणि ३० सप्टेंबर १८९९ रोजी ते पाहुण्यांसमोर उडवून दाखवायचे ठरले होते. ऐन वेळी इंजिन नादुरुस्त झाले. हवा पावसाळी होती. तरी जमलेल्या पाहुण्यांची निराशा होऊ नये म्हणून ते आपल्या जुन्या ग्लायडरवर उडाले. हवेतच शेपटीचा भाग मोडला, ते खाली कोसळले आणि दोन दिवसांनी मरण पावले. ज्या दिवशी साधन किंवा हवा साथ देत नाही, त्या दिवशी लोक वाट पाहत असले तरी न उडणे हीसुद्धा उड्डाणविद्याच आहे. ही शिकवण फार महागात मिळाली.

लिलिएंथाल यांच्या मृत्यूची बातमी अमेरिकेतील डेटन शहरात सायकलींचे दुकान चालवणाऱ्या दोन भावांच्या वाचनात आली. विल्बर आणि ऑर्विल राइट यांच्या मनात उड्डाणाची जुनी ओढ या बातमीने पुन्हा जागी झाली. त्यांनी लिलिएंथाल यांचे लेख आणि तक्ते अभ्यासले, १९०१ साली लहानशा वातबोगद्यात स्वतः मोजमापे घेऊन आकडे पारखले आणि लिलिएंथाल यांचा अपुरा राहिलेला प्रश्न नेमका उचलला. शरीर झोकण्याऐवजी पंखांना पीळ देऊन आणि पुढचे-मागचे पृष्ठभाग वळवून तोल राखण्याची पद्धत त्यांनी शोधली. त्यांनीही आधी तीन ग्लायडर बांधले आणि शेकडो वेळा टेकडीवरून घसरत सराव केला. इंजिन त्यांनी बसवले ते सर्वांत शेवटी. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे यंत्र १२ सेकंद हवेत राहिले आणि यांत्रिक उड्डाणाचे युग सुरू झाले. आपल्या आधीच्या संशोधकांत लिलिएंथाल यांचे स्थान सर्वांत वरचे आहे, हे विल्बर यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले.

गोलेनबर्गच्या पायथ्याशी आज एक मोठे प्रवासी विमान उभे आहे. २३ ऑक्टोबर १९८९ रोजी सेवेतून निवृत्त होणारे हे विमान तिथल्या गवताळ मैदानावर मोठ्या कौशल्याने उतरवण्यात आले. त्याला नाव दिले गेले ते लिलिएंथाल यांच्या पत्नीचे, आग्नेस यांचे. २०१६ साली जर्मन शास्त्रज्ञांनी लिलिएंथाल यांच्या ग्लायडरची हुबेहूब प्रतिकृती तयार करून वातबोगद्यात तपासली. योग्य मर्यादेत उडवले तर ते ग्लायडर स्थिर राहते, असे त्या तपासणीत आढळले. लिलिएंथाल यांची मोजमापे आणि बांधणी काळाच्या कसोटीलाही उतरली.

कामशेतच्या टेकडीवर पंख पसरणाऱ्या माणसाच्या हाती आज नायलॉनचे हलके कापड असते, दोन्ही हातांत पंखाच्या मागच्या कडा खाली ओढणाऱ्या दोऱ्या असतात आणि पॅरामोटर असेल तर पाठीवर मिनिटाला हजारो फेरे घेणारे यंत्र असते. तरीही वळण घेताना तो बसल्या जागी आपला भार एका बाजूला टाकतो, अगदी लिलिएंथाल यांच्यासारखाच. उडण्यापूर्वी तो इंधनाची नळी पाहतो, पंख्याच्या पात्याला तडा गेलेला नाही ना हे बोटांनी चाचपतो, दोऱ्यांवर ओढून पाहतो. उतरल्यावर ओला पंख सावलीत वाळवून मगच त्याची घडी घालतो; कारण ओल कापडाला कुजवते आणि ऊन त्याची ताकद खाऊन टाकते. वारा फार वाढला तर तो सारे सामान आवरून परत फिरतो. या परत फिरण्यात कमीपणा नाही. करकोच्याच्या पिल्लांकडून चाळिशीनंतर उडायला शिकलेल्या एका अभियंत्याने एकेका मीटरने उंची वाढवत आकाशाची जी वाट आखली, ती याच संयमाची वाट होती.